साठ हजारांचा म्युझिक प्लेअर: हौस की गरज?

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी नवऱ्याने एक छोटासा खोका घरी आणला आणि गुपचूप कपाटात माझ्या साड्यांच्या मागे ठेवून दिला. वीस वर्षांच्या संसारानंतर एवढं नक्की कळतं, की साड्यांच्या मागे लपवलेली वस्तू साडी नसते. खोका उघडला तर आत म्युझिक प्लेअर! आकाराने फोनएवढाच, पण जाडीने दुप्पट आणि हातात घेतला की वरवंट्यासारखा जड. त्यावरून फोन करता येत नाही, फोटो काढता येत नाहीत, दुधाचे पैसे देता येत नाहीत. फक्त गाणी ऐकायची. किंमत बासष्ट हजार रुपये.

‘‘अरे, गाणी तर फोनवरही वाजतात की,’’ मी म्हटलं.

‘‘वाजतात. ऐकू येत नाहीत,’’ तो म्हणाला.

त्या एका वाक्यावरून आमच्याकडे आठवडाभर धुसफुस चालली. पण तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, की हे वाक्य आमच्या घरात एका वेगळ्याच माणसाला लागू पडणार आहे.

हे प्रकरण नेमकं आहे काय?

ज्यांचं कॉलेज वॉकमनच्या काळात झालं त्यांना समजावून सांगायची गरज नाही. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ला जपानमध्ये विक्रीला आला. आपल्याकडे तो बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिला तो आखातातून सुट्टीवर आलेल्या कुणाच्या तरी मामा-काकांच्या सुटकेसमध्ये. मग ऑक्टोबर २००१मध्ये अ‍ॅपलचा आयपॉड आला. पाच जीबीच्या त्या डबीत हजार गाणी मावायची. पुढे फोननेच सगळं गिळलं आणि मे २०२२मध्ये अ‍ॅपलने शेवटचा आयपॉडही बंद केला.

गंमत अशी, की आयपॉड आचके देत होता त्याच दहा वर्षांत महागडे प्लेअर जन्माला आले. कोरियाच्या आयरिव्हर कंपनीने २०१२मध्ये ‘अ‍ॅस्टेल अँड कर्न’ या नावाने पहिला प्लेअर काढला. चीनच्या फियो, शानलिंग, आयबासो, हायबी अशा कंपन्या मैदानात उतरल्या. सोनीने २०१६मध्ये तर असा वॉकमन काढला, ज्याची चौकट सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची होती. वजन ४५५ ग्रॅम. अर्धा किलो पेढ्यांच्या पुड्यापेक्षा जरासं कमी. हा खिशात घालून फिरणारा माणूस एका बाजूला कलून चालत असेल असं मला उगाच वाटतं.

सगळ्याच नव्या प्रयोगांचं भलं झालं असं नाही. गायक नील यंगने ‘पोनो’ नावाचा तिकोनी प्लेअर काढण्यासाठी २०१४मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले. साठ लाख डॉलरहून जास्त जमले. तीन वर्षांत तो गाशा गुंडाळला गेला. चांगला आवाज हवा असं म्हणणारे खूप असतात, त्यासाठी वेगळी वस्तू सांभाळणारे थोडे.

आवाजात खरंच फरक पडतो का?

हा प्रश्न विचारला की दोन गट एकमेकांच्या अंगावर येतात, म्हणून आधी साधा हिशेब मांडते.

सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. पाच मिनिटांचं गाणं अशा रूपात साधारण ५३ एमबी जागा खातं. त्याचं ३२० केबीपीएसचं एमपी३ केलं तर ते १२ एमबीत बसतं, कारण कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग काढून टाकलेला असतो. फ्लॅक नावाच्या प्रकारात मात्र काहीच टाकलं जात नाही. कपड्यांची नीट घडी घालून बॅग भरावी तसं गाणं दाबून बसवतात आणि वाजवताना घडी मोडतात. जागा मूळच्या निम्मी किंवा थोडी जास्त लागते. त्याच्याही वर ‘हाय-रेझ’ म्हणजे २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्‌झच्या फाइल. त्या शंभर-दोनशे एमबीच्या घरात जातात.

माणसाचा तरुण, निरोगी कान २० हर्ट्‌झपासून २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. सीडीची पट्टी बावीस हजारांपर्यंत जाते. म्हणजे कानाला हवं ते सगळं सीडीत आधीच आहे. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अनुभवी श्रोत्यांना हाय-रेझ आवाज आणि तोच आवाज सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला. कुठला कुठला हे त्यांना ओळखता आलं नाही. यावर वाद अजून चालू आहेत, पण मला तो निकाल पटतो, कारण मी घरीच तो प्रयोग केला.

नवऱ्याला पाठमोरं बसवलं. एकच गाणं कधी फ्लॅकमध्ये, कधी ३२०च्या एमपी३मध्ये, आवाज सारखाच ठेवून दहा वेळा लावलं. सहा वेळा बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी पाच वेळा आलाच असता. त्या दिवशी रात्री जेवताना तो फारसं बोलला नाही. मुलीने १२८च्या जुन्या एमपी३ फाइल लावल्या तेव्हा मात्र त्याने पटापट ओळखल्या. झांजांचा आवाज पाण्यात भिजल्यासारखा येतो, तिथे ते पकडता येतं.

‘आवाज सारखा ठेवून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुकानात दोन प्लेअर शेजारी ठेवून ऐकवतात तेव्हा जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. या प्लेअरना नेहमीच्या ३.५ मिलीमीटरच्या भोकाशेजारी ४.४ मिलीमीटरचं ‘बॅलन्स्ड’ भोक असतं. त्यातून ताकद जास्त येते, म्हणून आवाज मोठा येतो, आणि माणूस म्हणतो, वा, काय खोली आहे! आधी व्हॉल्यूम जुळवा, मग वाहवा करा.

मग पैसे नेमके कशाचे?

म्हणून हे प्लेअर निव्वळ फसवणूक आहेत का? तसंही नाही. फाइलमधले आकडे आवाजात बदलणारी चिप म्हणजे डॅक आणि तो आवाज हेडफोनपर्यंत ढकलणारा अ‍ॅम्प्लिफायर, या दोन गोष्टींचे पैसे असतात. फोनमध्येही त्या असतात, पण दाटीवाटीने. शिवाय कित्येक अँड्रॉइड फोन कुठलंही गाणं आधी ४८ किलोहर्ट्‌झमध्ये बदलून मगच वाजवतात. चांगला प्लेअर ते टाळतो.

खरा फरक मोठ्या हेडफोनला पडतो. घरात बसून ऐकायचे काही नावाजलेले हेडफोन, उदाहरणार्थ सेनहायझरचा एचडी ६५०, ३०० ओहमचे असतात. बारीक अ‍ॅम्प्लिफायरवर ते मरगळल्यासारखे वाजतात. उलट कानात घालायचे नाजूक इअरफोन फार संवेदनशील असतात. त्यांना ताकद नको, शांतता हवी. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरवर गाणं थांबलं की मागे ‘स्स्स’ ऐकू येतं.

पण तुमच्याकडे यांपैकी काहीच नसेल आणि तुम्ही ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल, तर ऐका: ब्लूटूथवर आकड्यांचा आवाज करण्याचं काम हेडफोनच्या आतली चिप करते. प्लेअरमधली महागडी चिप त्या वेळी झोपलेली असते! सोनीची एलडॅक पद्धतही जास्तीत जास्त ९९० केबीपीएस पाठवते, सीडीला १,४११ लागतात. ब्लूटूथ हेडफोनसाठी साठ हजारांचा प्लेअर घेणं म्हणजे पोळपाट सागवानी घेऊन पोळ्या बाहेरून मागवण्यासारखं आहे.

माझं मत विचाराल तर पैसे आधी हेडफोनवर घालावेत. आवाजाचा पोत त्यांच्याने जेवढा बदलतो तेवढा प्लेअरने बदलत नाही. त्यानंतर फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा डॅक घ्यावा. अ‍ॅपलचा असला वीतभर वायरीचा तुकडा हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि साध्या इअरफोनना तो पुरून उरतो. एवढं करूनही समाधान झालं नाही तर प्लेअरकडे वळावं. आमच्याकडे हा क्रम बरोबर उलटा झाला.

गाणी आपली की भाड्याची?

प्लेअरच्या बाजूने एक मुद्दा मात्र मला सुरुवातीपासून पटला होता. रेसो नावाचं अ‍ॅप जानेवारी २०२४च्या शेवटी भारतात बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक बंद करायची घोषणा केली. मार्च २०२३मध्ये करार न जमल्यामुळे झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एका रात्रीत दिसेनाशी झाली होती. लोकांनी वर्षानुवर्षं हृदयाच्या खुणा करून जमवलेल्या याद्यांमध्ये नुसती करड्या रंगाची नावं उरली. माझ्या मुलीची ‘परीक्षेची गाणी’ नावाची यादी अशी एका रात्रीत अर्धी झाली होती. तेव्हा ती जे रडली त्याला मी हसले होते. आता हसत नाही.

मेमरी कार्डावर ठेवलेली फाइल कुणी काढून नेत नाही. पण ती आणायची कुठून? बँडकॅम्पसारख्या ठिकाणी फ्लॅक विकत मिळतात, आपल्याकडचे नवे स्वतंत्र कलाकारही तिथे सापडतात. जुनं मराठी संगीत मात्र तसं फारसं मिळत नाही. त्यासाठी घरातल्या सीडी बाहेर काढाव्या लागतात. आता लॅपटॉपला सीडीची जागाच नसते, पण बाहेरून जोडायचा ड्राइव्ह दोन-अडीच हजारांत येतो. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं मोफत सॉफ्टवेअर ओरखडे पडलेली सीडीही चिकाटीने पुन्हा पुन्हा वाचतं. सदस्यत्व घेऊनच ऐकायचं असेल तर अ‍ॅपल म्युझिक २०२१पासून लॉसलेस गाणी जादा पैसे न घेता देतं आणि अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये ते अ‍ॅप टाकता येतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची आणि त्यात जे आवाज कधी कोरलेच गेले नाहीत, ते १९२ किलोहर्ट्‌झच्या फाइलमध्ये उगवणार नाहीत. जुन्या ध्वनिमुद्रणाची ‘हाय-रेझ’ आवृत्ती दिसली की मोठ्या आकड्याला भुलू नका. मूळ फीत किंवा तबकडी चांगली होती का आणि ती कुणी काळजीने उतरवली का, एवढंच बघायचं.

आमच्या घरातला खजिना तर सीडीवरही नव्हता.

बाबांच्या कॅसेट

माझे सासरे पंचाहत्तरीचे आहेत. बँकेत नोकरी केली, आयुष्य इंदूरमध्ये गेलं. कुमार गंधर्वांचं देवास इथून तासाभरावर, उस्ताद अमीर खाँ याच गावचे. त्यामुळे इथल्या मराठी घरांत गाणं हा वरण-भाताइतकाच रोजचा विषय असायचा. बाबांनी सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकात शनिवारी रात्री आकाशवाणीवर लागणारा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम कॅसेटवर उतरवून ठेवला. गल्लीतल्या, गणेशोत्सवातल्या बैठकाही. एकशे बत्तीस कॅसेट, प्रत्येकीवर निळ्या शाईत राग, ताल, तारीख आणि कधीकधी शेरा: ‘दुसरा अंतरा घाईत’.

नवऱ्याने प्लेअर घेण्याचं खरं कारण या कॅसेट होत्या, हे त्याने नंतर कबूल केलं. टेपरेकॉर्डर मोडला होता आणि बाबांनी गाणं ऐकणंच सोडून दिलं होतं.

कॅसेट उतरवणं हे किचकट काम नाही, पण ते वेळखाऊ आहे. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते, तिथे कुठलंही बटण कामाला येत नाही. चांगल्या स्थितीतला जुना डेक मिळवला, त्याचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसलं, एका छोट्या यूएसबी डब्यातून तो लॅपटॉपला जोडला आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग सुरू केलं. काही कॅसेटमधली फीत दाबून धरणारी स्पंजाची गादी गळून पडली होती. ती दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवली. रात्री जेवणं झाली की एक कॅसेट लावायची, असं चार महिने चाललं.

खरखर घालवणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती जपून वापरा. आम्ही पहिल्या दोन कॅसेटवर ती भरपूर चालवली, तर खरखरीबरोबर तानपुऱ्याची झारही पुसली गेली आणि गायक टिनाच्या डब्यात बसल्यासारखा वाटायला लागला. मूळ जशीच्या तशी प्रत आधी जपून ठेवायची, साफसफाई तिच्या नकलेवर करायची. हे शहाणपण आम्हाला तिसऱ्या कॅसेटला आलं.

नावं घालतानाही डोकं लढवावं लागतं. प्लेअरला गायक, अल्बम, गाणं एवढंच कळतं. राग कुठे लिहायचा? आम्ही अल्बमच्या जागी राग लिहिला. आता ‘मारवा’ दाबलं की घरातले सगळे मारवे एकाखाली एक येतात. मराठीत नावं घालायच्या आधी मात्र तुमचा प्लेअर देवनागरी दाखवतो का ते तपासा. काहींवर नुसते चौकोन उमटतात.

एक फटकाही बसला. स्वस्तात मिळतंय म्हणून एक टीबीचं मेमरी कार्ड मागवलं होतं. साठेक जीबी भरलं आणि त्यापुढच्या फाइल नावापुरत्या दिसायला लागल्या, वाजेनात. कार्डावर छापलेला आकडाच खोटा होता. एच२टेस्टडब्ल्यूसारखं मोफत सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून तपासतं. नवं कार्ड आलं की गाणी टाकण्याआधी ते चालवा, रात्रभर लागली तरी चालेल. लॅपटॉपवर दुसरी प्रत होती म्हणून आमच्या चाळीस कॅसेट वाचल्या.

‘‘तानपुरा कुठे गेला?’’

सगळं जमून आलं त्या रविवारी बाबांना खुर्चीत बसवलं. चांगले मोठे हेडफोन कानावर ठेवले आणि त्यांचा लाडका, १९८१ साली रेडिओवरून उतरवलेला पूरिया लावला. आम्ही तिघं समोर उभे राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले, दोन मिनिटांनी उघडले.

‘‘छान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण मंद आहे रे. तानपुरा कुठे गेला?’’

नवऱ्याचा चेहरा बघवेना. त्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. तानपुरा होता. मला लावून दिले. चारही तारा वेगळ्या मोजता येत होत्या. मुलगी म्हणाली, ‘‘आजोबा, एवढा मोठा तर वाजतोय!’’

मग उपाय सुरू झाले. डेकचं हेड फितीला अगदी काटकोनात नसेल तर वरचे स्वर बोथट होतात, म्हणून ते पेचकसाने बारीक फिरवून कॅसेट पुन्हा उतरवली. इअरफोन बदलले. ‘बॅलन्स्ड’ वायर आणली, साडेचार हजारांची. ती तर आजही मला खुपते. बाबा दर वेळी सभ्यपणे म्हणायचे, ‘‘आधीपेक्षा बरं आहे,’’ आणि दहा मिनिटांत हेडफोन काढून ठेवायचे. आणि नवरा दुसऱ्या, नव्वद हजारांच्या प्लेअरची माहिती वाचत बसायचा.

आता मागे वळून पाहिलं की आमच्या मूर्खपणाचं नवल वाटतं. टीव्हीचा आवाज वर्षभर वाढत चालला होता. ‘सात’ म्हटलं की बाबा ‘आठ’ ऐकायचे. फोनवर नातीचं बोलणं त्यांना ‘पुटपुटल्यासारखं’ वाटायचं. एका सकाळी चहा पिताना ते सहज म्हणाले, ‘‘सूनबाई, हल्ली आपल्या अंगणात चिमण्या येत नाहीत ना गं?’’

चिमण्या समोर जास्वंदीवर बसून कलकलत होत्या.

मी काही बोलले नाही. कप विसळून ठेवला आणि कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टची वेळ घेतली.

कानाचा आलेख

वयाप्रमाणे कान आधी वरचे स्वर सोडतो, खालचे शेवटपर्यंत टिकतात. म्हणून माणसाला आपलं कमी झालंय हे कळतच नाही. आवाज येत असतो, फक्त त्याची धार गेलेली असते. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजनं वरच्या पट्टीत राहतात, म्हणून शब्द निसटतात. तानपुऱ्याचा खर्ज खाली असतो, पण जवारीतून उमटणारी ती झळाळी, स्वरांवर स्वर चढत जाणारी, ती वर असते.

बाबांना एका बंद खोलीत बसवून २५० हर्ट्‌झपासून ८,००० हर्ट्‌झपर्यंतचे सूर ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. कागदावरची रेघ हजारापर्यंत बरी चालली होती, मग ती जिना उतरावा तशी खाली गेली. ४,०००वर त्यांना ६० डेसिबलच्या खालचं काहीच ऐकू येत नव्हतं. बाबांनी कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि विचारलं, ‘‘म्हणजे तानपुरा माझ्यातच गेला होता?’’

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आमच्या मुलीलाही दोन गोष्टी सुनावल्या, त्या सगळ्याच घरांतल्या मुलांसाठी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांहून जास्त ऐकू नये. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याला चारच तास उरतात. महागड्या प्लेअरची ताकद इथे धोक्याची ठरते, कारण त्यांचा आवाज मोठा झाला तरी फाटत नाही, टोचत नाही, म्हणून बोट वाढवतच जातं. बसमध्ये, मेट्रोत बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण नकळत व्हॉल्यूम चढवतो. तिथे बाहेरचा आवाज अडवणारे साधे हेडफोन साठ हजारांच्या प्लेअरपेक्षा जास्त उपयोगी. दिवसअखेर कानात शिट्टी वाजत असेल तर ते थकवा समजून सोडून देऊ नका.

कानाच्या यंत्रांची जोडी किती रुपयांना? साठ हजारांच्या घरात! नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

पैशांपेक्षा बाबांना तयार करणं अवघड होतं. ‘‘चष्मा लावला तर माणूस शिकलेला दिसतो, हे लावलं तर म्हातारा दिसतो,’’ हे त्यांचं म्हणणं. दोन महिने टाळाटाळ केली. शेवटी नातीने त्यांना तिच्या भाषेत विचारलं, की आजोबा, तुम्हाला माझं बोलणं ऐकायचं नाहीये का. मग ते तयार झाले.

यंत्र आणि तानपुरा

यंत्र लावलं की सगळं सुरळीत होईल असं आम्हाला वाटलं होतं. बाबांना चिमण्या ऐकू आल्या, कुकरच्या शिट्टीला ते दचकले, वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज इतका मोठा का, असं त्यांनी विचारलं. पण स्पीकरवर पूरिया लावला तर त्यांनी तोंड वाकडं केलं. तानपुरा थरथरत होता, मधेच लाटांसारखा वरखाली होत होता.

याचं कारण ऐकून मला हसावं की रडावं कळेना. कानाची यंत्रं माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. यंत्रातून कधीकधी कुईं अशी शिट्टी येते, ती मारण्यासाठी आत एक सोय असते. एकच सूर सलग लांबत चालला की ती सोय समजते, ही शिट्टीच आहे, आणि तो सूर दाबायला धावते. आणि तानपुरा म्हणजे दुसरं काय? न थांबता लांबत चाललेला सूरच! बासरीचंही असंच होतं. शिवाय बोलणं कळावं म्हणून हलका आवाज मोठा आणि मोठा आवाज हलका केला जातो. गायकाने मुद्दाम हळू घेतलेली जागाही मग तेवढ्याच जोराने कानावर येते.

यावर इलाज आहे, पण तो मागावा लागतो. बऱ्याच यंत्रांमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवता येतो. त्यात ही शिट्टी मारण्याची सोय कमी करतात आणि चढउतार जास्त मोकळे ठेवतात. आम्ही पुढच्या वेळी प्लेअरच दवाखान्यात घेऊन गेलो. बाईंनी कॅबिनमध्ये पूरिया लावला, बाबा ‘‘अजून थोडं, नाही, मागे घ्या’’ सांगत राहिले आणि त्या संगणकावर बदल करत गेल्या. बाहेर तीन पेशंट ताटकळले होते. तुमच्या घरात गाणं ऐकणारं कुणी यंत्र घेणार असेल तर त्यांच्या आवडीचं एक ध्वनिमुद्रण बरोबर न्या आणि घेण्याआधीच या प्रोग्रॅमबद्दल विचारा.

ज्यांचं थोडंच कमी झालं आहे आणि यंत्राची वेळ आलेली नाही, त्यांना प्लेअरमधला इक्वलायझर उपयोगी पडू शकतो. वरच्या पट्ट्या किंचित उचलायच्या, पण एकूण व्हॉल्यूम कमी ठेवून आणि कानाच्या तज्ज्ञांना विचारून. काही फोनमध्येही कानाच्या चाचणीप्रमाणे आवाज जुळवण्याची सोय असते.

प्लेअरचं काय झालं विचाराल तर तो विकलेला नाही. त्यातलं अँड्रॉइड जुनं झालं आहे, एक अ‍ॅप उघडायला इतका वेळ घेतं की तेवढ्यात कांदा चिरून होतो. बॅटरीही एक दिवस जाईलच. पण तो आता दिवाणखान्यात स्पीकरला जोडलेला असतो आणि त्याच्यावर कुणाचा फोन येत नाही, कुठला मेसेज वाजत नाही. नव्वद हजारांच्या प्लेअरचा विषय निघालेला नाही.

परवा शनिवारी रात्री साडेनऊला बाबांनी स्वतःच प्लेअर लावला. अल्बमच्या यादीत ‘पूरिया’वर बोट ठेवलं, यंत्राचा प्रोग्रॅम बदलला आणि खुर्चीत मागे टेकले. मी भांडी आवरत होते. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

‘‘सूनबाई,’’ त्यांनी हाक मारली, ‘‘या कॅसेटमध्ये एवढी खरखर पहिल्यापासून होती का गं?’’